मोहोळाखालची माणसं

‘पोळ्याला हात लावू नका,’ हे माझं सोसायटीतलं ठरलेलं उत्तर होतं. कुणाच्या खिडकीच्या छज्ज्याखाली माश्या जमू लागल्या, कुणाच्या एसीमागे गुणगुण ऐकू आली, की फोन मला यायचा. वनस्पतीशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेल्यामुळे लोक मला या विषयातली जाणकार समजत आणि मीही त्याच विश्वासाने बोलत असे. कमिटीच्या बैठकीत कुणी पेस्ट कंट्रोलचं नाव काढलं, की मी उभी राहून सगळं सविस्तर सांगायचे. बहुतेक वेळा माझं म्हणणं मान्यही व्हायचं.

आता मी ते उत्तर सरसकट देत नाही. काही पोळी काढलीच पाहिजेत आणि वेळेवर काढली पाहिजेत, असं आज माझं मत आहे. माझं ऐकून ज्यांनी आपापल्या गॅलरीतली पोळी राखली, त्यांना हा बदल माझ्या तोंडून कळायला हवा. म्हणून हे लिहिते आहे.

आधीचं मत काही हवेतून आलेलं नव्हतं. कांद्याचं बी धरणाऱ्या शेतांवर मी विद्यार्थ्यांना नेत असे. डेंगळ्यावरच्या एकेका गोंड्यात शेकडो बारीक फुलं असतात. फुलातले पुंकेसर आधी पिकतात, स्त्रीकेसर नंतर. त्यामुळे त्याच फुलाचे पराग त्याच्या उपयोगी पडत नाहीत. दुसऱ्या फुलावरून ते आणून देणारं कुणीतरी लागतं आणि हे काम मुख्यतः मधमाश्या करतात. फुलोऱ्याच्या ऐन दिवसांत कीटकनाशक मारलं तर गोंडे कसे पोकळ राहतात, हे शेतकरीच मुलांना हातात धरून दाखवायचे. सूर्यफूल, डाळिंब, भोपळा, दोडका, कारली, कशाकशाचं नाव घ्यावं! हे सगळं डोळ्यांनी पाहिल्यावर शहरातल्या कुणीतरी एका रात्रीत हजारो माश्या मारून टाकाव्यात, हे मला सोसत नसे.

आणि ते मारणंही मी पाहिलेलं होतं. आमच्या शेजारच्या इमारतीत रात्री औषध फवारलं. सकाळी पार्किंगमध्ये माश्यांचा खच पडलेला. सफाईवाल्या मावशी खराट्याने तो गोळा करत होत्या आणि त्या ढिगातल्या काही माश्यांचे पाय अजून हलत होते. पोळं मात्र वर तसंच लटकत राहिलं. पुढच्या उन्हात मेण मऊ पडलं आणि मध भिंतीवरून ओघळू लागला. मुंग्या लागल्या, आत मेलेल्या अळ्यांचा कुबट वास सुटला. त्या मधावर दुसरीकडच्या माश्या येऊन बसल्या आणि विष घेऊन आपापल्या पोळ्यांत गेल्या. पोळं रिकामं झालं तरी मेणाचा वास जागेवर राहतो आणि पुढच्या हंगामातल्या थव्याला तोच वास बोलावून आणतो. म्हणजे एवढी हत्या करून प्रश्न जिथल्या तिथे. फवारणीबद्दलचं माझं मत आजही तसूभर बदललेलं नाही.

बदललं ते वेगळंच काही. फवारायचं नाही म्हणजे पोळं तिथेच राहू द्यायचं, असं मी धरून चालले होते. या दोन टोकांच्या मध्ये पुष्कळ जागा आहे आणि त्या जागेत शिरायचं तर आधी माशी ओळखावी लागते.

आपल्या इमारतींत प्रामुख्याने तीन जातींच्या मधमाश्या घर करतात. सगळ्यांत लहान ती फुलोरी. तिचं पोळं जेमतेम तळहाताएवढं, एकच पदर असलेलं, कुंडीतल्या झुडपाच्या फांदीला किंवा गॅलरीच्या ग्रिलला लावलेलं. ही माशी सहसा वाटेला जात नाही. मुंग्यांनी पोळ्यावर चढू नये म्हणून फांदीच्या दोन्ही बाजूंना चिकट पट्टे लावून ठेवते आणि काही महिन्यांत आपण होऊन निघून जाते. दुसरी सातेरी. हिला अंधार लागतो. भिंतीतली पोकळी, मीटरची पेटी, डक्ट, जुना माळा, खिडकीच्या चौकटीतली सांद अशा ठिकाणी ती एकाशेजारी एक समांतर पोळी बांधते. सातेरी लाकडी पेटीत सुखाने राहते. महाबळेश्वरच्या मधाची कीर्ती हिच्याच जिवावर उभी राहिली आणि त्याच परिसरातल्या मांघरला २०२२ साली ‘मधाचं गाव’ ही ओळख मिळाली, त्यातही वाटा हिचाच.

तिसरी आग्या. ती या दोघींहून मोठी आणि वेगळ्याच स्वभावाची. उघड्यावर, उंचावर एकच भलंमोठं पोळं बांधते. ते मीटरभर किंवा त्याहून रुंद होऊ शकतं. डोंगरकडे आणि उंच झाडं ही तिची मूळची घरं. पुलाची कमान, पाण्याच्या उंच टाकीचा तळ आणि आपल्या टॉवरचा पुढे आलेला स्लॅब तिला कड्यासारखेच वाटतात. आपण शहरात इतके कडे बांधून ठेवले आहेत, तर तिने यायचं नाही तर कुणी? पेटीत मात्र ती राहत नाही. अंधारी, बंदिस्त जागा तिला चालतच नाही. पावसाळा सरला की ती शहरात दिसू लागते आणि पाऊस तोंडावर आला की बहुतेक मोहोळं उठून जातात. पुढच्या वर्षी पुष्कळदा त्याच जागी परततात. तीच वसाहत जुन्या जागी परतते याचे जनुकीय पुरावे २००० साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले. कामकरी माशीचं आयुष्य काही आठवड्यांचं किंवा फार तर थोड्या महिन्यांचं. मग ही जागेची आठवण सांभाळतं कोण, हा प्रश्न मला अजून भुरळ घालतो.

असं एक आग्यामोहोळ आमच्या मुख्य फाटकाच्या बरोबर वर, सातव्या मजल्याच्या स्लॅबखाली लागलं. जिन्याची खिडकी त्याच्या अगदी शेजारी होती. काच बंद ठेवून मी दुर्बिणीतून तासन्‌तास त्याच्याकडे बघत असे. दुरून दिसतो तो काळपट पडदा पोळ्याचा नसतो, माश्यांचा असतो. एकमेकींच्या अंगावर थर देऊन त्या पोळं झाकून ठेवतात. एखादी गांधीलमाशी जवळ आली की त्या पडद्यावरून एक लाट धावते. एका ठिकाणच्या माश्या पोट झटकन वर उचलतात, लगेच शेजारच्या उचलतात, त्यांच्या शेजारच्या उचलतात आणि क्षणार्धात चकाकती लहर या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते. ऑस्ट्रियाच्या ग्राझ विद्यापीठातले गेराल्ड कास्टबर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली दाखवून दिलं, की ही लाट गांधीलमाशीला दूर ठेवते. दुर्बिणीत मला ती लाट पापणी लवते न लवते तोच दिसायची आणि पुन्हा दिसावी म्हणून मी तिथेच उभी राहायचे. कमिटीत मोहोळ काढण्याचा विषय निघाला तेव्हा मी विरोध केला. एवढ्या उंचावरचं मोहोळ कुणाला काय करणार, असं माझं म्हणणं होतं.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी मधुबाजाने त्या मोहोळावर झडप घातली. हा शिकारी पक्षी मधमाश्यांच्या अळ्यांवर जगतो. पोळ्याचा लचका तोडून तो निघून जातो आणि खवळलेल्या माश्यांच्या तावडीत सापडतं खाली जे हलत असेल ते. नांगी मारताना माशी काही रसायनं सोडते. आयसोपेंटिल अ‍ॅसिटेट हे त्यातलं मुख्य, वास पिकलेल्या केळ्यासारखा. हा वास म्हणजे बाकीच्यांना इशारा असतो, की इथेच मारा. म्हणून एक डंख बसलेल्या माणसाला पुढचे डंख भराभर बसत जातात.

फाटकाशी आमचे वॉचमन होते. शाळेची बस यायची वेळ झाली होती. केबिनमध्ये शिरून दार लावून घेणं त्यांना सहज शक्य होतं. ते बस बाहेरच थांबवायला रस्त्यावर धावले. बस थांबली, काचा बंद झाल्या, मुलांना काही झालं नाही. त्यांना मात्र इतके डंख बसले, की दवाखान्यात मानेवरचे आणि डोक्यातले काटे काढतानाच नर्स दमून गेली.

त्या दिवशी डॉक्टरांनी जे समजावलं ते सगळ्यांना माहीत असायला हवं. एखाद्याला अ‍ॅलर्जी असेल तर एकाच डंखाने अंगावर गांधी उठतात, घसा आवळतो, रक्तदाब कोसळतो; अशा वेळी अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन मिनिटांच्या हिशोबात मिळावं लागतं. अ‍ॅलर्जी नसलेल्या माणसालाही शेकड्यांनी डंख बसले तर विषाचा भार रक्तपेशींवर, स्नायूंवर आणि शेवटी मूत्रपिंडांवर पडतो. हा परिणाम त्याच दिवशी दिसेल असं नसतं. म्हणून वरवर बरं वाटत असलं तरी अशा रुग्णाला देखरेखीखाली ठेवतात आणि लघवी-रक्ताच्या तपासण्या करत राहतात. काटा रुतून राहतो आणि त्याची विषाची पिशवी पुढेही विष ढकलत राहते, त्यामुळे तो कसा काढायचा याचा विचार करत न बसता लवकर काढणं महत्त्वाचं.

वॉचमन बरे झाले. काही आठवड्यांनी पुन्हा त्याच केबिनमध्ये बसू लागले. मी भेटायला गेले तेव्हा त्यांनीच खुर्ची पुढे केली आणि म्हणाले, “मॅडम, माशी कामाची आहे, हे तुम्ही सांगता ते मला पटतं. आमच्या गावी बांधावरच्या आंब्याला दरसाल मोहोळ बसतं. मोहोळ असेतोवर आम्ही त्या आंब्याखालून जात नाही. इथं मला जावंच लागतं.”

त्यांच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता. पण माझं मत बदललं ते इथे. आजवर मी मोहोळाकडे खालून किंवा समोरून पाहत होते. मोहोळाखाली कोण उभं आहे, हे मी पाहिलंच नव्हतं. माझं घर दुसऱ्या विंगमध्ये, खिडक्यांना जाळ्या. धोका वाटला तर मी दार लावून आत बसू शकते. वॉचमन, जिने झाडणाऱ्या आणि कचरा वेगळा करणाऱ्या मावशी, घरोघरी कामाला येणाऱ्या बायका, झुल्यावर बसून बाहेरच्या भिंती रंगवणारे, पाईप बदलायला डक्टमध्ये उतरणारा प्लंबर, पार्सल घेऊन येणारी मुलं यांना ती सोय नाही. कमिटीच्या बैठकीत यांच्यापैकी कुणी नसतं. पोळं ठेवण्याचा निर्णय मी घेत होते आणि त्याची जोखीम ज्यांना विचारलंच नव्हतं त्यांच्या वाट्याला जात होती. गावात माणसाला वाट बदलता येते, म्हणून तिथे माणूस आणि मोहोळ शेजारी नांदतात. ज्या मोहोळाखाली कुणाला तरी पोटासाठी उभं राहावंच लागतं, ते मोहोळ राखण्याचा हक्क मला नाही, असं आता मी मानते.

माश्या खवळल्या त्या रात्री कमिटीला फवारणी हवी होती. ती मी होऊ दिली नाही. विष न वापरता काम करणारी माणसं शोधली. असं काम करणारे आज आहेत, ही मोठी जमेची बाजू. पुण्यात खादी व ग्रामोद्योग आयोगाची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून आहे. नोकरी सोडून याच कामात पडलेले अमित गोडसे यांचं ‘बी बास्केट’ पुण्यात परिचयाचं आहे. वर्ध्याच्या ‘सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेस’ने आग्या माशीचा मध काढण्याची अहिंसक रीत शिकवली. टेंभा लावायचा नाही, अंगभर पोशाख घालून चढायचं, मधाचा भाग तेवढा कापायचा आणि अळ्यांचा भाग जागेवर ठेवायचा. माश्या तिथेच राहतात आणि मधाचा भाग पुन्हा बांधतात.

आमच्याकडे मात्र पोळं पूर्णच उतरवायचं होतं. लिफ्टमध्ये सूचना लावली, संध्याकाळी सगळ्यांना खिडक्या लावून घ्यायला सांगितलं. अंधारात आग्या माशी दिव्याकडे झेपावते, म्हणून त्या बाजूचे सगळे दिवे बंद करायला लावले. गच्चीवरून दोर सोडून माणूस उतरला. धुराड्यातला मंद धूर दिला, आग कुठेही नाही. माश्या हळूहळू उठल्या आणि पोळं उतरलं. दुसऱ्या दिवशी ते मी जवळून पाहिलं. वरच्या कोपऱ्यात जाड मधाचा भाग आणि खाली विस्तीर्ण पसरलेली अळ्यांची घरं, काही मेणाने बंद केलेली, काही उघडी. उघड्या घरांत पांढऱ्या, वळलेल्या अळ्या.

त्या अळ्या जगल्या नाहीत, जगणार नव्हत्याच. हे मी मुद्दाम लिहिते आहे. ‘मधमाश्यांचं सुरक्षित स्थलांतर’ असं ऐकलं की आपल्याला बरं वाटतं आणि आपण पुढचं विचारत नाही. आग्या माशीच्या बाबतीत स्थलांतर म्हणजे मोठ्या माश्या जिवंत उडून जातात, राणी त्यांच्यात असेल तर दुसरीकडे पुन्हा बांधतात. पोळ्यातली पिढी जाते. विषाने सगळीच वसाहत मारण्यापेक्षा हे कितीतरी बरं, पण यात काहीच गमावलं नाही असं कुणी म्हणत असेल तर ते खरं नाही. निर्णय घेणाऱ्याने ही किंमत डोळ्यांसमोर ठेवून घ्यावा.

सातेरीचं तसं नाही आणि तो अनुभव मला त्याच वर्षी मिळाला. तळमजल्यावरच्या एका बंद मीटरपेटीत सातेरी शिरली होती. मधपाळाने पेटीचं दार अर्धवट उघडलं, थोडा धूर दिला आणि नुसत्या हातांनी काम सुरू केलं. एकेक पोळं तळहातावर घेऊन तो सुरीने अलगद सोडवायचा, चौकटीत बसेल असं कापायचा आणि केळीच्या सोपटाने चौकटीला बांधायचा. माश्या पुढे एक-दोन दिवसांत स्वतःच्या मेणाने पोळं चौकटीला जोडून घेतात, मग सोपट काढलं तरी चालतं. अळ्यांची पोळी मधोमध, मधाची कडेला. राणी सापडेपर्यंत त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. सापडली तेव्हा त्याने ती मला दाखवली. इतरांपेक्षा लांब, गडद पोटाची, चालण्यात घाई नसलेली. तिला पेटीत सोडलं आणि पेटीच्या दाराला राणीला अडवणारी जाळी लावली. सातेरीला जागा पटली नाही तर ती अख्खी वसाहत घेऊन पळते. राणी अडकली की बाकीच्या थांबतात. थोड्या वेळाने पेटीच्या दाराशी काही कामकरी माश्या पोट वर करून पंख हलवत उभ्या राहिल्या. बाहेर उरलेल्या बहिणींना गंधाने वाट दाखवण्याची ती रीत. अंधार पडेपर्यंत बहुतेक सगळ्या आत गेल्या होत्या. रात्री पेटी बंद करून भोरकडच्या एका बागेत नेली. इथे अळ्यासुद्धा वाचल्या. ज्या पोळ्याबद्दल पूर्वी मी ‘असू दे तिथेच’ म्हटलं असतं, त्याला मीटरपेटीपेक्षा चांगलं घर मिळालं आणि वीज कंपनीच्या माणसाचा जीवही धोक्यात राहिला नाही.

आज कुणी फोन केला तर मी उत्तर देण्याआधी विचारते. पोळं दिसतंय का नुसत्या माश्या? पोळं नसलेला, घोसासारखा लटकलेला थवा वाटेत विसाव्याला थांबलेला असतो. नव्या जागेच्या शोधात गेलेल्या माश्या परत येऊन नाचाच्या भाषेत पत्ता सांगत असतात. ही नाचाची भाषा उलगडल्याबद्दल कार्ल फॉन फ्रिश यांना १९७३ साली नोबेल मिळालं. असा थवा काही तासांत, फार तर थोड्या दिवसांत निघून जातो. तोवर तेवढी गॅलरी बंद ठेवायची, बाकी काही करायचं नाही. पोळं असेल तर ते केवढं, उघड्यावर की पोकळीत? फुलोरी असेल तर राहू द्यावी, एवढंच माझं सांगणं असतं. सातेरी असेल आणि तिथे माणसांची ये-जा असेल, तर मधपाळ बोलवावा. आग्या असेल तर एकच प्रश्न उरतो, त्याच्याखाली कोण असतं? खाली कुणाचाच वावर नाही, शेजारी खिडकी नाही, तो भाग बंद ठेवता येतो, असं असेल तर पावसापर्यंत थांबावं. फटाके, धूर, शेकोटी, पतंगाचा मांजा यांपासून ती जागा जपावी, रात्री त्या बाजूला प्रखर दिवा लावू नये. पण शाळा, दवाखाना, फाटक, मुलांची खेळायची जागा यांच्यावर मोहोळ बसत असेल, तर ते लहान असतानाच, अळ्या भरायच्या आधी, जाणत्या माणसाकडून उठवावं. उशीर केला की माणसांचा धोका वाढतो आणि माश्यांचं नुकसानही वाढतं. माझ्या जुन्या आग्रहात हीच गोष्ट निसटली होती.

आणि माश्या खवळल्याच तर काय करायचं, हेही मी आता प्रत्येक वेळी सांगते, कामाला येणाऱ्या प्रत्येकाला आधी. हात झटकत एका जागी उभं राहायचं नाही. तोंड-नाक झाकून धावत सुटायचं आणि बंद खोलीत किंवा गाडीत शिरायचं. पाण्यात उडी मारायची नाही, माश्या वर वाट पाहतात. केबिनला जाळीचं दार आणि आत एक टोपीजाळी ठेवणं ही सोसायटीची जबाबदारी आहे. आमच्याकडे ती आता ठेवलेली आहे.

खरा उपाय मात्र मोहोळ नसतानाच्या दिवसांतला. पावसाळ्यात जागा रिकामी असते. तेव्हा जुन्या पोळ्याचं मेण खरवडून काढायचं, जागा धुऊन रंगवायची आणि फाटकावरच्या, खिडक्यांलगतच्या स्लॅबखाली ताणून जाळी बसवायची. मीटरपेट्या, डक्ट, एसीच्या पाइपाची भोकं यांतल्या माशी शिरेल एवढ्या फटी बारीक जाळीने बुजवायच्या. यात कुणाचा जीव जात नाही, कुणी उघड्यावर पडत नाही. माशी येते, जागा बंद दिसते, दुसरीकडे जाते.

‘हेही हाकलणंच झालं,’ असं माझी एक मैत्रीण म्हणाली. मधमाश्यांसाठी ती माझ्याइतकीच हळवी आहे आणि तिच्या म्हणण्यात तथ्य आहे. शहरातला प्रत्येक स्लॅब बंद केला तर आग्या माशीने जायचं कुठे? म्हणून माझं म्हणणं सगळे स्लॅब बंद करा असं नाही. ज्यांच्याखाली माणसांना थांबावं लागतं तेवढेच बंद करा, बाकीचे मोकळे ठेवा. माशीला जागा देता येते, हे व्हिएतनामच्या दक्षिणेकडच्या जंगलांतल्या मधपाळांनी पिढ्यान्‌पिढ्या दाखवलं आहे. ते झाडांच्या मोकळ्या जागेत तिरक्या बल्ल्या उभ्या करतात, आग्या माशी आपण होऊन त्यांवर पोळं लावते आणि ते फक्त मधाचा भाग काढतात. म्हणजे माशी कुठे बसेल हे काही प्रमाणात माणसाला ठरवता येतं. आपल्याकडे जुने वड, पिंपळ, सावरी राखले, पाण्याच्या उंच टाक्यांसारख्या निर्मनुष्य जागांवरची मोहोळं न छेडता राहू दिली, तर शहरातही तिला पुरेशी ठिकाणं उरतील. पोळं दिसलं की रस्त्यावरून दगड मारणाऱ्यांना अडवणं हेही यातच आलं.

माझ्या बदललेल्या मताचा आधार घेऊन कुणी फवाऱ्याची बाटली काढू नये, एवढी काळजी मला वाटते. मधमाशीची बाजू मी सोडलेली नाही. तिच्या बाजूने उभं राहायचं तर तिच्या शेजारी राहणाऱ्या प्रत्येक माणसाला ती परवडली पाहिजे. ज्या दिवशी एखाद्या वॉचमनचा जीव जाईल, त्या दिवशी शहरातल्या सगळ्या पोळ्यांवर फवारणी सुरू होईल आणि मग माझ्यासारख्या कुणाचंही कुणी ऐकणार नाही.

म्हणून आमच्या सोसायटीत दरवर्षी जूनच्या बैठकीत हा विषय ठेवायचा, असं आम्ही ठरवून घेतलं आहे: कोणते स्लॅब बंद, कोणते मोकळे, हंगामात फोन कुणाला करायचा आणि त्याचे पैसे मेंटेनन्समधून. त्या बैठकीला वॉचमन, सफाईवाल्या मावशी आणि इमारतीत नेहमी काम करणारे सगळे बोलावले जातात आणि या विषयावर पहिलं बोलणं त्यांचं असतं. प्रत्येक सोसायटीने एवढं करावं, अशी माझी विनंती आहे.